तुरा लाल झाला की खुराड्यात काय होतं?

कालपर्यंत अंगाला अंग लावून झोपणारी कोंबडीची पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की खुराड्यात रोज गोंधळ सुरू होतो. नर तलंगेच्या (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबडीच्या) मानेची पिसं चोचीत पकडतो, ती ओरडत पळते, आणि पाळणाऱ्याला कळेनासं होतं की ही मारामारी आहे की मीलन. बरेचदा त्यात दोन्ही असतं.

मारामारीची सुरुवात तशी फार आधी झालेली असते. काही आठवड्यांची पिल्लंसुद्धा छाती पुढे काढून, मानेची पिसं फुलवून समोरासमोर उभी राहतात. माद्याही यात मागे नसतात, त्यामुळे भांडतंय म्हणजे नरच, हा अंदाज हमखास चुकतो. या टोचाटोचीतून कोण कोणाला दबतं हे ठरतं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉरलीफ श्येल्डरूप-एबे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत असत. त्यांनी 1921 च्या सुमारास ही उतरंड शास्त्रीय भाषेत मांडली. ती एकदा बसली की भांडणं कमी होतात, नुसत्या नजरेवर काम भागतं. नवा पक्षी आणून सोडला की मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून!

नर आणि माद्या यांच्या उतरंडी साधारण वेगवेगळ्या असतात. पण अर्धवट वयाचा नर मधेच लटकलेला असतो. टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक वाढून त्याचा तुरा लाल आणि मोठा झालेला असतो, आरवणं घोगरं का होईना सुरू झालेलं असतं, आणि बरोबरीच्या तलंगा अजून अंड्यावर आलेल्या नसतात. त्यामुळे तो मागे लागतो आणि त्या पळतात. मोठ्या कोंबड्या त्याला सरळ टोचून हाकलतात, आणि माझ्या मते त्याला याहून चांगला धडा कोणी देऊ शकत नाही.

मुरलेला कोंबडा वेगळा वागतो. दाणा किंवा किडा सापडला की तो ‘टुक्-टुक्’ करत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो. कोंबडी आली की तिला खाऊ देतो. मग एक पंख जमिनीपर्यंत झुकवून, पाय घासत तिच्याभोवती तिरका फिरतो. ती तयार असेल तर पंख किंचित पसरून खाली बसते. मीलन काही सेकंदांतच उरकतं. कोंबड्याला शिश्न नसतं. दोघांची अवस्करं (शेपटीखालची, विष्ठा आणि अंडं किंवा वीर्य बाहेर येण्याची एकच वाट) फक्त एकमेकांना टेकतात. अंड्यावर येऊ लागलेली तलंग पाळणाऱ्याचा हात पाठीवर आला तरी अशीच बसते. अंडं जवळ आल्याची ही भरवशाची खूण.

जबरदस्ती झाली तरी शेवटचा शब्द नराचा नसतो. टोमासो पिझ्झारी आणि टिम बर्कहेड या संशोधकांनी 2000 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं, की मोकाट कोंबड्या उतरंडीत खालच्या नरांचं वीर्य मीलनानंतर बाहेर टाकतात. ज्याचं ठेवलं जातं, त्याचे शुक्राणू मादीच्या अंडनलिकेतल्या सूक्ष्म नळ्यांत दोन-दोन आठवडेही टिकतात. म्हणून नर वेगळा काढल्यावरही फलित अंडी मिळत राहतात.

पाळणाऱ्याने पक्ष्यांच्या एकमेकांवर चढण्याकडे नव्हे, तर माद्यांच्या पाठीकडे पाहावं. पाठ किंवा डोक्यामागची पिसं गळून कातडी उघडी पडली असेल, किंवा कोंबडी खायलाही खाली उतरत नसेल, तर नर जास्त झालेत असं समजावं. एका नरामागे आठ-दहा माद्या असल्या की त्रास वाटला जातो. नर दोन-तीन असतील तर अंड्यावर येईपर्यंत तलंगा जाळीपलीकडे ठेवाव्यात. दिसत राहिल्या की ओळख मोडत नाही, आणि पुन्हा एकत्र सोडताना भांडणंही कमी होतात.