स्प्रेडशीटमधील प्रकाशनयोग्य आलेख

स्प्रेडशीटमधील प्रकाशनयोग्य आलेख : एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या आकड्यांवरून शोधनिबंध, अहवाल, पुस्तक किंवा वृत्तपत्रात जसाच्या तसा छापता येईल असा आलेख तयार करण्याची पद्धत. आकडे निवडून ‘इन्सर्ट चार्ट’वर टिचकी मारली की काही सेकंदांत चित्र समोर येते, त्याला या नोंदीत कच्चा आलेख म्हटले आहे. लेखकाला काही न विचारता वाचकाला जो कळतो, ज्यातील उंची आणि लांबी आकड्यांच्या प्रमाणात असते, काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीतही ज्याचा अर्थ टिकतो आणि ज्याच्या खाली आकडे कुठून घेतले ते लिहिलेले असते, तो प्रकाशनयोग्य. कच्च्या आलेखापासून तिथवर पोचण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. सॉफ्टवेअरने आपल्या वतीने घेतलेले निर्णय एकेक करून परत आपल्या हातात घ्यावे लागतात.

आलेख संगणकाहून बराच जुना. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेषालेखांत मांडले. स्कॉटलंडसाठी त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, रेषा काढण्याइतकी वर्षे नव्हती. म्हणून त्याने त्या देशाची आयात-निर्यात पट्ट्यांनी दाखवली आणि स्तंभालेख जन्माला आला. १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेखही वापरला. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे छापील आलेख हाताने काढले जात. ट्रेसिंग पेपर, शाईचे पेन आणि मोजपट्टी घेऊन बसलेला आरेखक अक्ष कुठून सुरू करायचा, कोणती रेषा जाड ठेवायची, नाव कुठे लिहायचे हे स्वतः ठरवी.

१९७९ मध्ये आलेले व्हिजिकॅल्क हे वैयक्तिक संगणकावरचे पहिले स्प्रेडशीट केवळ आकडेमोड करी. जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ ने तक्ता, आलेख आणि माहितीसाठा एकाच प्रोग्रॅममध्ये आणले. नावातील तीन आकडे या तीन कामांचे. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. सेलमधला आकडा बदलला की आलेख आपोआप बदलतो, ही मोठी सोय झाली, पण आरेखक मात्र मधून गेला. त्याच्या जागी आल्या ‘डीफॉल्ट’, म्हणजे सॉफ्टवेअरने आधीच ठरवलेल्या, सेटिंग. एक्सेल २००३ पर्यंतचा कच्चा आलेख राखाडी पार्श्वभूमीवरून लगेच ओळखू येई. २००७ च्या आवृत्तीत रूप पालटले आणि चकाकी, सावल्या, उतरत्या रंगछटा हाताशी आल्या. २०१६ मध्ये आयतालेख, पेटी-आलेख, वॉटरफॉल असे प्रकार आयते मिळू लागले. तरीही निर्णय घेणारा माणूस लागतोच.

तक्त्याची मांडणी. बिघडलेल्या आलेखाचे मूळ बहुधा शीटमध्ये सापडते. विलीन केलेले सेल, मधल्या रिकाम्या ओळी, आकड्याला चिकटवलेले ‘कोटी’सारखे शब्द आणि खालची ‘एकूण’ची ओळ आलेखासाठीच्या तक्त्यात नसावी. ‘एकूण’ चुकून निवडीत आले तर तो एक स्तंभ बाकी सगळ्यांना खुजे करतो. तक्त्यातील वर्षांचा स्तंभ हा नेहमीचा सापळा आहे. वर्ष हाही आकडाच असल्याने एक्सेल त्याला एक मालिका (आलेखात काढायच्या आकड्यांचा एक संच) समजते आणि २,००० च्या आसपास एक सपाट रेषा काढून ठेवते. वरचा डावा सेल रिकामा सोडला की ती वर्षे मुकाट्याने आडव्या अक्षावर जातात. जमिनीच्या नोंदींवर काम करणाऱ्यांना दुसरा सापळा परिचयाचा असेल: ७/१२ असा गट क्रमांक टंकला की भारतीय सेटिंगमध्ये त्याचा ७ डिसेंबर होतो. असा स्तंभ आकडे भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. मागाहून केला तर मूळ क्रमांक परत मिळत नाही.

आकडा उपलब्ध नसणे आणि आकडा शून्य असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पर्जन्यमापक बंद होता त्या महिन्यात शून्य भरले, तर वाचक तिथे दुष्काळ वाचतो. सेल रिकामा ठेवावा आणि ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ या पर्यायात तिथे रेषा तुटलेली दिसावी असे सांगावे.

प्रकाराची निवड. शालेय गणितात स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख, आयतालेख, वृत्तालेख अशी नेमकी नावे आपण शिकलेलो असतो. ती पुढे अहवालांतूनही वापरावीत, कारण नावातच उपयोग सांगितलेला आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्‌गिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवले की, एकाच अक्षावरील बिंदूंचे स्थान डोळा सर्वांत अचूक वाचतो. लांबी, कोन, क्षेत्रफळ यांचा अंदाज त्या क्रमाने ढासळत जातो. म्हणून दोन-तीन भागांपलीकडे वृत्तालेख वापरू नये. त्रिमिती वृत्तालेख तर कधीच नाही: तिरपा केल्यावर पुढच्या फोडीची कडही दिसते आणि ती फोड आहे त्याहून मोठी भासते.

रेषालेख आणि ‘स्कॅटर’ यांतला फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रेषालेखात वर्षे केवळ नावे म्हणून, समान अंतरावर बसतात. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ मध्ये ३.९६ कोटी, १९७१ मध्ये ५.०४, १९८१ मध्ये ६.२८, १९९१ मध्ये ७.८९, २००१ मध्ये ९.६९ आणि २०११ मध्ये ११.२४ कोटी होती. जनगणना दर दहा वर्षांनी झाल्यामुळे इथे रेषालेख चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या फेऱ्या मात्र १९९२–९३, १९९८–९९, २००५–०६, २०१५–१६ आणि २०१९–२१ अशा विषम अंतराने झाल्या. त्या समान अंतरावर ठेवल्या की दहा वर्षांतील बदल आणि चार वर्षांतील बदल सारख्याच जागेत दाबले जातात आणि वेगाबद्दलचा निष्कर्ष सरळ चुकतो. असे आकडे सरळ रेषांनी जोडलेल्या स्कॅटर प्रकारात मांडावेत, तिथे वर्षे आकडे म्हणून, खऱ्या अंतरावर बसतात. ‘स्मूद लाइन’ टाळावी. ती वळणे सुबक करताना आकड्यांत नसलेले उंचवटे आणि खड्डे काढते.

राज्यातील ३६ जिल्हे दाखवायचे असतील तर आडवे स्तंभ घ्यावेत, आकड्यांनुसार उतरत्या क्रमाने लावावेत. आडव्या स्तंभालेखात एक्सेल तक्त्याची पहिली ओळ तळाशी ठेवते. अक्षाच्या सेटिंगमधील ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’ निवडली की क्रम सुलट होतो. अकारविल्हे लावलेला जिल्ह्यांचा आलेख शोधायला सोपा असतो, पण त्यातून काहीच दिसत नाही.

अक्षाची सुरुवात. या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या २००१ मध्ये ९२२ होती, २०११ मध्ये ९२९ झाली. उभा अक्ष ९२० पासून सुरू केला, तर एका स्तंभाची उंची २ आणि दुसऱ्याची ९ होते. प्रत्यक्ष वाढ एक टक्क्याहून कमी, पण डोळ्यांना दिसते साडेचारपट. ही लबाडी कुणी मुद्दाम करावी लागते असेही नाही. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा यांतील फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक-षष्ठांशाहून कमी असेल, तर एक्सेल स्वतःच अक्ष शून्याऐवजी वरून सुरू करते. म्हणून स्तंभालेख काढला की ‘मिनिमम’च्या चौकटीत शून्य स्वतः टंकावे. स्तंभात अर्थ असतो तो लांबीला, आणि बुंधा कापला की लांबी खोटी ठरते. बिंदू किंवा रेषा यांना हा नियम लागू नाही, तिथे स्थान वाचले जाते. त्याच दशकात महाराष्ट्रातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ९१३ वरून ८९४ वर घसरले. ही घसरण शून्यापासूनच्या स्तंभांत जवळजवळ दिसत नाही, आणि ती दिसायलाच हवी. अशा वेळी स्तंभ सोडून बिंदू घ्यावेत, अक्ष ८५० पासून ठेवावा आणि आकडे बिंदूंशेजारीच लिहावेत.

मोठी आणि छोटी राज्ये एकत्र आली की वेगळी अडचण उभी राहते. २०११ मध्ये महाराष्ट्र ११.२४ कोटींचा, गोवा १४.५९ लाखांचा. एका अक्षावर गोव्याचा स्तंभ तळरेषेत विरून जातो. त्यावर डावा-उजवा असे दोन अक्ष लावण्याचा मोह होतो. पण दोन अक्षांच्या मापांचे नाते काढणारा ठरवतो, त्यामुळे दोन रेषा कुठे छेदतात हेही त्याच्याच हातात राहते. तो छेद काही सांगत नसतो. त्यापेक्षा प्रत्येक राज्याची २००१ ची लोकसंख्या १०० धरावी. मग २०११ मध्ये महाराष्ट्र ११६ वर आणि गोवा १०८ वर येतो, आणि कोण किती वेगाने वाढले याचे उत्तर एका नजरेत मिळते.

साफसफाई. एडवर्ड टफ्टी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८३ पासून लावून धरलेला विचार असा की, आलेखातील शाईचा जास्तीत जास्त भाग आकडे दाखवण्यात खर्च व्हावा. स्प्रेडशीटमध्ये याचा अर्थ बराचसा पुसण्याचा. बाहेरची चौकट, पार्श्वभूमीचा रंग, सावल्या काढाव्यात. जाळीच्या रेषा फिकट राखाडी कराव्यात. प्रत्येक स्तंभावर आकडा लिहिला असेल तर जाळी आणि उभा अक्ष दोन्ही काढता येतात. नव्या एक्सेलमध्ये स्तंभांमधली फट स्तंभाच्या रुंदीच्या २१९ टक्के असते, म्हणजे कागदावर स्तंभांपेक्षा मोकळी जागाच जास्त. ती ५० ते ८० टक्क्यांवर आणावी. रंगांची सूची काढून टाकून मालिकेचे नाव रेषेच्या टोकाशी लिहावे. त्यासाठी शेवटचा एकच बिंदू निवडून त्याला लेबल द्यायचे आणि लेबलात ‘सीरिज नेम’ निवडायचे. वाचकाची नजर सूची आणि रेषा यांत हेलपाटे घालत राहणे थांबते.

रंग कमी. एक गडद रंग ज्याबद्दल बोलायचे त्याला, बाकी सगळे राखाडी. तांबडा आणि हिरवा शेजारी नकोत: उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना हे दोन रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आपल्याकडेही असे वाचक आहेतच. निळा व नारिंगी ही जोडी अधिक सुरक्षित असते. एकच स्तंभ वेगळ्या रंगाचा हवा असेल तर तो हाताने रंगवू नये. शीटमध्ये दुसरा स्तंभ करून तो आकडा तिथे न्यावा आणि दोन मालिकांचा ‘ओव्हरलॅप’ १०० करावा. आकडे पुन्हा क्रमाने लावले तरी रंग योग्य जागीच राहतो.

शोधनिबंधांत त्रुटीदर्शक रेषा (आकड्यांतील चढउतार किंवा अनिश्चितता दाखवणाऱ्या छोट्या रेषा) लागतात, आणि तिथे एक्सेल हमखास फसवते. ‘स्टँडर्ड एरर’ (प्रमाण त्रुटी) हा आयता पर्याय निवडला तर ते आलेखात दिसणाऱ्या सरासऱ्यांवरूनच एक आकडा काढते आणि सर्व बिंदूंना तोच लावते. मूळ निरीक्षणांशी त्याचा काही संबंध नसतो. प्रत्येक गटाची प्रमाण त्रुटी शीटमध्ये स्वतंत्र काढून ‘कस्टम’ पर्यायातून द्यावी, आणि त्या रेषा प्रमाण विचलनाच्या आहेत, प्रमाण त्रुटीच्या की विश्वास-अंतराच्या, हे आलेखाखाली स्पष्ट लिहावे.

मराठी आलेख. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. त्यामुळे रोमन अक्षरे ज्या आकारात चालतात त्याहून एक-दोन पॉइंट मोठा टंक घ्यावा लागतो. नव्वद अंशांत उभी केलेली ‘सिंधुदुर्ग’, ‘छत्रपती संभाजीनगर’ ही नावे मान वाकडी करूनही वाचवत नाहीत. आडवे स्तंभ घेण्याचे हे आणखी एक कारण. टंक युनिकोडच असावा. निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता हे साधे, एकसारख्या जाडीचे टंक लहान आकारात स्वच्छ उमटतात. जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिलेली लेबले दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते.

आकड्यांचे गट लाख-कोटींत पडावेत. ‘११२,३७४,३३३’ मराठी वाचकाला थांबून मोजावे लागते, ‘११,२३,७४,३३३’ लागत नाही. विंडोजची प्रादेशिक सेटिंग भारताची केली की स्वल्पविराम योग्य जागी येतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेजारच्या स्तंभात आकड्याला एक कोटीने भागून ११.२४ घ्यायचे आणि अक्षनामात ‘लोकसंख्या (कोटी)’ लिहायचे. देवनागरी अंक हवे असतील तर ते हाताने टंकू नयेत, कारण सेल त्यांना मजकूर समजू शकतो. मूळ आकडा तसाच ठेवून ‘नंबर फॉरमॅट’मधील भाषेच्या संकेतांकाने तो फक्त देवनागरीत दाखवावा.

छपाईसाठी पाठवणे. आलेखाचे अंतिम माप आधी ठरवावे. नियतकालिकाच्या एका स्तंभाची रुंदी साधारण ९ सेंटिमीटर असते. एक्सेलमध्ये आलेखाची रुंदी तेवढीच टंकून मग अक्षरांचे आकार ठरवावेत. मोठा काढून नंतर लहान केला की अक्षरेही आक्रसतात. स्क्रीनवरून कापून घेतलेले ९ सेंटिमीटरचे चित्र ९६ डीपीआयने (दर इंचाला ९६ ठिपके) जेमतेम ३४० पिक्सेल भरते, तर रेषाचित्रांसाठी मागितल्या जाणाऱ्या ६०० डीपीआयला सुमारे २,१२५ पिक्सेल लागतात. म्हणून शक्य तिथे पीडीएफ किंवा एसव्हीजी द्यावे. त्यांतील रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. चित्रच द्यायचे तर पीएनजी. जेपीईजीत अक्षरांभोवती धुरकट डाग उमटतात. पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख चिकटवताना जोडाक्षरे फुटू शकतात, तेव्हा टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवून छापण्यापूर्वीचे प्रूफ स्वतः पाहावे. रंगांचेही तसेच: स्प्रेडशीट पडद्याच्या तीन रंगांत काम करते, छापखाना चार शाईंत, आणि चकचकीत निळा कागदावर मळकट होतो.

एवढे सगळे एकदा जुळले की आलेखावर उजवी टिचकी मारून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करावे. पुढचा आलेख त्याच साच्यातून निघतो. उभ्या अक्षाचे किमान मूल्य मात्र प्रत्येक वेळी उघडून तपासावे लागते.