चिंगीला चिलापी किती द्यायची?

रविवारी सकाळी बाबा उजनी धरणातली चिलापी (तिलापिया मासा) घेऊन आले की पिशवी अजून दारातच असते आणि आमची मांजर चिंगी गच्चीवरून खाली आलेली असते. आई मोरीत विळी घेऊन बसते, खवले काढायला लागते आणि चिंगी तिच्या गुडघ्याला डोकं घासत एकसारखी ओरडत राहते, हा आवाज ती एरवी कधीच काढत नाही, चिकन आणलं तरी नाही. मग आई कल्ले, पोटातलं सगळं काढून तिच्यापुढे टाकायची. "खाऊ दे की तिला, मांजराची जात हाय, मासा नाही खाणार तर काय खाणार." वर्षानुवर्षं आमच्याकडे हेच चालायचं, गल्लीतल्या मांजरवाल्या सगळ्या घरांत पण हेच.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचा बोका आजारी पडला आणि तेव्हापासून मी हा विषय वाचायला लागले. काकूंच्या ओळखीचा एक मासेवाला रोज उरलेली डोकी नि आतडी फुकट द्यायचा, बोका महिना-दीड महिना तेवढ्यावरच होता, तेही कच्चं. आधी त्याचं खाणं सुटलं. मग चालताना मागचे पाय भेलकांडायला लागले, आणि एके दिवशी बघितलं तर मान खाली वाकलेली, हनुवटी छातीला टेकलेली, वर उचलताच येईना. काकू घाबरून रडायला लागल्या, त्यांना वाटलं कुणीतरी विष घातलं. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, याला खायला काय घालता? मग बी१ ची इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या दिवशी बोक्यानं मान वर करून काकूंकडे बघितलं. मी तिथेच होते, ते अजून डोळ्यासमोर आहे.

तर झालं काय होतं? बऱ्याच कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, कार्प कुळातल्या माशांत तर हमखास (आपले रोहू, कटला याच कुळातले), आणि पोटातल्या भागात ते जास्त असतं, म्हणजे आपण मांजराला नेमका जो भाग टाकतो तोच. हे एन्झाइम थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. बी१ शिवाय मेंदूला साखरेतून ऊर्जा नीट काढता येत नाही, आणि मांजराला बी१ लागतं कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, अंगात साठा मात्र अगदी थोडा. म्हणून आधी भूक जाते मग तोल जातो मग मान, आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर झटके येऊन जीवही जातो. हे कळलं कसं तेही वाचण्यासारखं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा राज्यात कातडीसाठी कोल्हे पाळायचे, तिथल्या चॅस्टेक नावाच्या एका शेतकऱ्याचे कोल्हे कच्चा कार्प खाऊन लुळे पडून मरायला लागले, त्या आजाराला आजही चॅस्टेक पॅरालिसिस म्हणतात.

चांगली गोष्ट ही की हे एन्झाइम उष्णतेनं मोडतं. मासा नीट शिजला की तो धोका संपला. फ्रीजरमध्ये ठेवून मात्र काही होत नाही हे लक्षात ठेवा, बर्फात ते एन्झाइम नुसतं थांबून राहतं. आणि चिंगीला इतकी वर्षं काही झालं नाही कारण ती आठवड्यातून एकदाच खायची, बाकीचे सहा दिवस तिचं नेहमीचं खाणं चालू असायचं. कधीतरी आणि रोज यात इतका फरक पडतो.

आता आईचं ते वाक्य, मांजराची जात. मुळात मांजराच्या जातीचा मासा हा आहारच नाही! पाळीव मांजर आलंय ते पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या रानमांजरापासून, कोरड्या, रेताड मुलखातलं जनावर, उंदीर, पाखरं, सरडे मारून खाणारं. आपल्या माळरानासारखाच मुलूख म्हणा. त्यांना मासा बघायला कुठे मिळणार होता?

मग इतकी ओढ कशाची, तर जिभेची. मांजराला गोड चव कळतच नाही, गोड ओळखणाऱ्या दोन जीन्सपैकी एक त्यांच्यात कधीचाच बंद पडलाय, हे २००५ साली समजलं. पेढा आणि कागद चवीला तिला सारखेच. पण मांसाची जी उमामी चव असते ती ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे जिभेवरची चव पकडणारी जागा, शाबूत आहे. २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की मांजराचा हा रिसेप्टर आपल्यापेक्षा वेगळा चालतो, त्याला खास करून दोन गोष्टी एकत्र मिळाल्या की तो जोरात पेटतो, एक मांसातलंच इनोसिन मोनोफॉस्फेट नावाचं द्रव्य आणि दुसरं हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल. ट्यूनात या दोन्ही भरपूर. म्हणजे चिंगीचं ते ओरडणं खरंच मनापासूनचं असतं, पण ते जिभेचं मागणं आहे, शरीराला माशाची गरज आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तिला जे टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, जे नसेल तर डोळे आणि हृदय खराब होतं, ते माशात असतं पण मांसातही असतंच.

आणि तेच हिस्टिडिन बरं का, मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन नावाचं बाधणारं रसायन करतात. बांगडा, ट्यूना यांत हे जास्त होतं. आपण सोलापूरकर समुद्रापासून किती लांब, मुंबई धरली तरी चारशे किलोमीटर, मधे बर्फ वितळला, गाडी थांबली, काहीही झालेलं असतं. आणि हिस्टामिन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही. त्यामुळे वास आलेला बांगडा 'आपल्याला नको, मांजराला टाक' असं अजिबात करू नका. सोलापुरात राहून मांजराला समुद्राच्या माशापेक्षा उजनीची ताजी चिलापी बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याकडचं सांडपाणी उजनीत येतं हे आपण कायम ऐकतोच, म्हणून मी कल्ले नि आतडी पूर्ण बंद केली, फक्त मांसाचा तुकडा.

सुरमई, ट्यूना अशा मोठ्या शिकारी माशांचं अजून एक आहे, पारा. लहान मासा मोठ्यानं खायचा, त्याला त्याहून मोठ्यानं, असं करत पारा वरच्या माशात साठत जातो. जपानमध्ये मिनामाता नावाच्या गावी १९५० च्या दशकात मांजरं वेड्यासारखी गरागरा फिरायला लागली, लोक म्हणायचे मांजरं नाचतात, मग तोच आजार माणसांत दिसला. कारखान्याचा पारा खाडीत, खाडीतून माशात, माशातून आधी मांजरात. एवढा पारा बाजारातल्या सुरमईत नसतो, घाबरायचं कारण नाही, पण रोज देऊ नये एवढं नक्की.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट, आपला रस्सा. आपल्याकडे मासा म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण, लसूण, काळा मसाला, आणि जेवण झालं की ताटातला उरलेला तुकडा तसाच मांजराला. कांदा मांजराला विष आहे. यात जरापण अतिशयोक्ती नाही. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं रक्तातल्या हिमोग्लोबिनला गंजवतात असं समजा, आणि मांजराच्या हिमोग्लोबिनवर असा हल्ला होऊ शकेल अशा जागा आठ असतात, माणसाच्या फक्त दोन. म्हणून आपण भाकरीबरोबर अख्खा कांदा फोडून खातो नि आपल्याला काही होत नाही, मांजराच्या मात्र लाल पेशी फुटायला लागतात. वजनाच्या दर किलोला साधारण पाच ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, मध्यम कांद्याचा पाव भाग. तळला, शिजवला, वाळवून पूड केली, काहीही करा, विष तसंच राहतं. लसूण त्याहून कडक. आणि लगेच काही दिसतही नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, मांजर कोपऱ्यात पडून राहतं आणि तोवर आपण रविवारचा रस्सा विसरून गेलेलो असतो. असं दिसलं तर घरचे उपाय करत बसू नका, थेट डॉक्टर.

खारवलेली सुकी मासळी पण नको, मीठ फार असतं. तुकडा धुऊन दिला तरी आतलं मीठ कुठे जातं?

किती द्यायचं याचा हिशोब साधा आहे. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, वरच्या खाऊतून दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे वीस-पंचवीस कॅलरी, म्हणजे शिजवलेल्या चिलापीचे पंधरा-वीस ग्रॅम. आपल्या दोन बोटांच्या पेरांएवढा तुकडा, बास. तोही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आणि काही मांजरांना माशाची ॲलर्जी असते, मान नि कान खाजवून रक्त काढतात, तसं दिसलं तर मासा बंदच.

माझी पद्धत सांगते. आई वाटण लावायच्या आधी एक तुकडा बाजूला काढते, आता ती स्वतःच काढते, मला सांगावं लागत नाही. तो नुसत्या पाण्यात उकडायचा, मीठ नाही हळद नाही तेल नाही. मग काटे. चिलापीचा पाठीवरचा काटा सुईसारखा असतो, घशात नाहीतर आतड्यात रुतला तर ऑपरेशनच, म्हणून मी प्रत्येक तुकडा बोटांनी कुस्करून बघते, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. आणि कोमट असतानाच देते, फ्रीजमधला गार तुकडा चिंगी नुसता हुंगून निघून जाते, कारण ताज्या शिकारीचं अंग गरम असतं आणि कोमट खाण्याचा वासही जास्त सुटतो.

उकडलेलं पाणी फेकत नाही. टॉरिन पाण्यात विरघळतं, बरंचसं त्यातच उतरलेलं असतं. शिवाय कोरड्या मुलखातलं जनावर असल्यामुळे मांजराला तहानच कमी लागते, वाटी भरलेली असली तरी ती फारशी पीत नाही, आणि इथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. ते पाणी गाळून, निववून, अजून थोडं साधं पाणी घालून मी दुपारी माठाशेजारी ठेवते, तर चिंगी पंख्याखालची जागा सोडून येते आणि वाटीचा तळ चाटेपर्यंत उठत नाही.