श्लेष उत्तरात की प्रश्नात? द्व्यर्थी सूत्र आणि गूढ व्याख्या

गूढ शब्दकोड्यातली, म्हणजे सरळ दिसणाऱ्या अर्थाआड उत्तर लपवणाऱ्या कोड्यातली, ही दोन शोधसूत्रे (उत्तराकडे नेणाऱ्या ओळी) पाहा. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा.

पत्त्यांच्या जिवावर पोट भरणारा (४)
पाकिटावर लिहिलेला एक्का? (२)

दोन्हींत ‘पत्ता’ या एकाच शब्दाचा खेळ आहे. दोन्हींत अक्षरांची उलटापालट नाही, शब्दात शब्द लपवलेला नाही, डोके-शेपूट छाटायचे नाही. तरीही ही सूत्रे दोन निराळ्या जातींची आहेत, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लावली की अर्धा तास सहज वाया जातो.

पहिली गूढ व्याख्या. पत्त्यांवर पोट भरणारा म्हटल्यावर जुगारी डोळ्यांपुढे येतो, पण अभिप्रेत आहेत पाकिटांवरचे पत्ते. उत्तर : पोस्टमन. अख्खी ओळ मिळून एकच व्याख्या होते. तिच्यात तोडायला जागा नाही.

दुसरे द्व्यर्थी सूत्र. ‘पाकिटावर लिहिलेला’ ही एक व्याख्या, ‘एक्का’ ही दुसरी, आणि दोन्हींचे उत्तर एकच : पत्ता. इथे ओळीचा एकसंध अर्थ हा केवळ देखावा. पाकिटावर कोणीतरी एक्का लिहिल्याचे जे चित्र उभे राहते, त्याचा उत्तराशी काही संबंध नाही.

सगळा फरक इतकाच आहे की गूढ व्याख्येत श्लेष प्रश्नातल्या एखाद्या शब्दावर असतो, तर द्व्यर्थी सूत्रात तो उत्तरावर असतो. पहिल्यात ‘पत्ते’ हा शब्द समोर छापलेला आहे, त्याचा दुसरा अर्थ शोधायचा. दुसऱ्यात दोन अर्थ समोर आहेत, त्यांना जोडणारा शब्द शोधायचा.

मग नवे सूत्र समोर आल्यावर जात कशी ओळखायची? आधी तोडून पाहावे. तीन शब्दांच्या सूत्रात तोडण्याच्या जागा दोन, चार शब्दांत तीन. प्रत्येक जागी तोडून दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे उभे राहतात का ते तपासायचे. ‘पाकिटावर / लिहिलेला एक्का’ इथे तोडले तर ‘पाकिटावर’ लंगडा राहतो, तो कोणत्याही नामाचा अर्थ होऊ शकत नाही. ‘पाकिटावर लिहिलेला / एक्का’ असे तोडले की दोन्ही उभे राहतात.

मराठीचे व्याकरण इथे फार मदत करते. -लेला, -णारा, -यचा या शेवटांची धातुसाधिते नामासारखी एकटी उभी राहू शकतात : ‘लिहिलेला’ म्हणजे लिहिलेली वस्तू, ‘भरणारा’ म्हणजे भरणारा माणूस. म्हणून ओळीच्या मध्ये असे रूप दिसले की त्याच्यापुढे तोडून पाहावे. ‘सरकारला द्यायचा हात (२)’ यात ‘द्यायचा’पुढे तोडा, उत्तर कर. ‘गळ्यात पडलेला पराभव (२)’ यात ‘पडलेला’पुढे, उत्तर हार. याउलट -ऊन आणि -ताना ही रूपे पुढच्या क्रियेला चिकटलेली असतात. ‘कान धरून नाकावर बसणारा (२)’ यात ‘धरून’पुढे तोडता येत नाही. तेव्हा ही गूढ व्याख्या, आणि उत्तर चष्मा. ‘कान धरणे’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः घ्यायचा आहे.

कुठेच नीट तुटत नसेल तर दुसरी पायरी : ओळीतल्या कोणत्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे? ‘काटे काढले की निकामी होते (३)’ यात तो शब्द ‘काटे’. बाभूळ आणि निवडुंग मनातून काढले की घड्याळ सापडते. एवढी छोटी गोष्ट अवघड जाते, कारण वाचतानाच ‘काढले’ हे क्रियापद काट्याला पायात रुतवून ठेवते. म्हणून संशयित शब्द शेजाऱ्यांपासून सोडवून वेगळ्या कागदावर एकटाच लिहावा आणि त्याचे सगळे अर्थ मांडावेत : झाडाचा काटा, घड्याळाचा, तराजूचा, माशातला, अंगावर येणारा.

फसवी असतात ती पूर्ण वाक्यासारखी दिसणारी द्व्यर्थी सूत्रे. ‘नवरा खाली नाही (२)’ हे वाक्य घरात रोज बोलले जाईल इतके सरळ आहे, त्यामुळे तोडण्याचे सुचतच नाही. तोडा : ‘नवरा’ म्हणजे वर, ‘खाली नाही’ म्हणजेही वर. अशा नितळ ओळीसाठी रचनाकाराला मनापासून दाद द्यावी. सोडवणाऱ्याने मात्र नियम करून ठेवावा, की ओळ जितकी सहज तितकी ती आधी तोडून पाहायची.

आता रचनेतले दोष, कारण सदोष सूत्रामुळे जात ओळखणे आणखी कठीण होते. मराठीत पहिला दोष लिंगाचा. ‘ताठ ठेवायचा आदर (२)’ असे सूत्र मान या उत्तरासाठी सुचू शकते. पण आदर या अर्थी मान पुल्लिंगी आणि शरीरातली मान स्त्रीलिंगी. ‘ताठ ठेवायचा’ हे मानेला लागू पडत नाही. ‘डोके धरून ठेवणारी प्रतिष्ठा (२)’ असे केले की ‘ठेवणारी’ हे रूप मानेलाही जुळते आणि प्रतिष्ठेलाही, आणि सांधा दिसेनासा होतो. दुसरा दोष विभक्तीचा. ‘हाताने भरायचा पैसा (२)’ हे कर या उत्तरासाठी चालणार नाही, कारण ‘हाताने’ म्हणजे ‘कराने’, नुसते ‘कर’ नव्हे. द्व्यर्थी सूत्राच्या प्रत्येक तुकड्याच्या जागी उत्तर जसेच्या तसे बसले पाहिजे. गूढ व्याख्येला ही अडचण नाही. तिच्यात हवे तितके प्रत्यय येऊ शकतात, फक्त ओळीचा शेवट उत्तराच्या लिंग-वचनाशी जुळावा लागतो.

तिसरा मुद्दा मतभेदाचा : एकाच मुळातून आलेले दोन अर्थ द्व्यर्थी सूत्राला चालावेत का? ‘देवाने दिलेला नवरा (२)’ याचेही उत्तर वर. पण वरदानातला वर आणि लग्नातला वर दोन्ही ‘निवडणे’ या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूतून आले. ‘खाली’च्या विरुद्धचा वर मात्र ‘उपरि’पासून आलेला, म्हणजे मुळातच परका. दोन अर्थ जितके दूरचे तितके द्व्यर्थी सूत्र सकस, म्हणून ‘नवरा खाली नाही’ सरस ठरते. झाडाचे पान आणि वहीचे पान यांवर सूत्र बेतणे तर टाळावेच, तो एकाच अर्थाचा विस्तार आहे.

प्रश्नचिन्हाचे कामही दोन ठिकाणी वेगळे असते. ‘एक्का?’ मधले चिन्ह सांगते की एक्का हा पत्त्याचा केवळ एक नमुना आहे, पूर्ण व्याख्या नव्हे. गूढ व्याख्येच्या शेवटी ते आले तर अर्थ इतकाच, की ओळ वरवर दिसते तशी घेऊ नका. म्हणून नुसते चिन्ह पाहून जात ठरवू नये.

खात्रीच्या बाबतीत मात्र दोघांत मोठी तफावत आहे. द्व्यर्थी सूत्राचे उत्तर दोन वाटांनी पडताळता येते. ‘गळ्यात पडलेला’ म्हणजे फासही असू शकेल, पण ‘पराभव’ तो बाद करतो. गूढ व्याख्येला वाट एकच. ‘नाकावर बसणारा (२)’ एवढेच सूत्र असते तर? माशी स्त्रीलिंगी म्हणून बाद, पण राग अगदी चपखल बसला असता. ‘कान धरून’ जोडल्यावरच चष्म्याखेरीज काही उरत नाही. डी. एस. मॅकनट यांनी ‘झिमेनीज’ या टोपणनावाने १९३९ पासून ‘द ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश साप्ताहिकात गूढ शब्दकोडी रचली. त्यांच्या परंपरेतल्या निकषानुसार शोधसूत्रात नेमकी व्याख्या हवी, तिला पूरक असा प्रामाणिक दुसरा संकेत हवा, आणि बाकी काही नको. गूढ व्याख्येत हा दुसरा संकेतच नसतो. त्यामुळे एका कोड्यात त्या मोजक्याच असाव्यात, आणि त्यांच्या उत्तरांना आडव्या-उभ्या शब्दांचा भरपूर आधार मिळेल अशी घरे रचनाकाराने द्यावीत.

सोडवणाऱ्यासाठी यातून क्रम ठरतो. द्व्यर्थी वाटणारी सूत्रे आधी घ्यावीत आणि दोन्ही तुकडे जुळले तर उत्तर शाईने लिहावे. गूढ व्याख्येचे उत्तर सुचले तरी निदान एक छेदणारे अक्षर जुळेपर्यंत ते पेन्सिलीने लिहावे. देवनागरीत एका घरात काना-मात्रा-जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे असे एक अक्षरही पुष्कळ बोलते. उभ्या शब्दातून दुसऱ्या घरात ‘ष्मा’ आला की राग आपोआप बाजूला होतो. नुसता ‘ग’ आला, तर मात्र रचनाकाराने ‘कान धरून’ लिहिले होते की नाही, ते पुन्हा वाचावे.