ग्रुप ढीगभर, पण नवीन गोष्ट येते कुठून?

परत एकदा तो पिरॅमिड फिरत फिरत माझ्या फोनवर आला. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, बघितलेलं ३० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेलं थेट ९० टक्के, खाली हात जोडलेला इमोजी आणि "सर्व शिक्षकांपर्यंत पोहोचवा". पाठवला होता आमच्या वहिनींनी, त्या उपनगरातल्या एका अनुदानित शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्यांना आला मुख्याध्यापकांच्या ग्रुपवरून, आणि संध्याकाळपर्यंत तोच पिरॅमिड त्यांच्या विषयाच्या ग्रुपवर, बीएडच्या बॅचच्या ग्रुपवर आणि संस्थेच्या ग्रुपवरही येऊन पडला.

हे आकडे खोटे आहेत, ते आधी सांगून टाकतो. एडगर डेल नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यात एकही टक्केवारी नव्हती, ती नंतर कोणीतरी चिकटवली. माणसाची स्मरणशक्ती दहाच्या पाढ्यात चालत नाही. काय लक्षात राहतं ते आधी किती माहीत होतं, मध्ये किती दिवस गेले, पुन्हा आठवायचा प्रयत्न केला का, यावर ठरतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. एवढे ग्रुप असताना एकच गोष्ट चार वाटांनी का येते, आणि खरंच कामाची नवीन गोष्ट एकाही वाटेने का येत नाही? लोकांना वाटतं दोष फोनचा आहे, नाहीतर मुख्याध्यापकांच्या आळसाचा. दोन्ही चूक. उत्तर आहे ओळखींच्या जाळ्याच्या आकारात, आणि ते सापडून पन्नास वर्षं होऊन गेली.

साहित्याची टंचाई तर अजिबात नाही. शिक्षकांसाठीचा सरकारी दीक्षा प्लॅटफॉर्म २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाला, २०१९ ला शिक्षक-मुख्याध्यापकांसाठीचं निष्ठा प्रशिक्षण आलं आणि कोविडमध्ये तेही दीक्षावर ऑनलाइन गेलं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनीही वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं लिहिलंय. सगळं चांगलंच आहे. पण पाचवीतल्या ज्या पोरांना अजून जोडाक्षर वाचता येत नाही त्यांचं सोमवारपासून नक्की काय करायचं, हा प्रश्न कुठलाही मुख्याध्यापक पोर्टलला विचारत नाही, तो दुसऱ्या मुख्याध्यापकाला फोन करून विचारतो. म्हणजे खरं शिकणं ओळखींमधून होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले अ‍ॅलन डेली यांनी तर शाळांच्या कारभारात कोण कोणाला सल्ला विचारतं याचे नकाशेच काढलेत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध आला, त्याचं सार असं की आपल्याला नवीन माहिती जिवलग मित्रांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. ऐकायला उलटं वाटतं, कारण जिवलग माणूस आपल्यासाठी जास्त धडपडतो. पण यामागे जी सिद्धता आहे ती इतकी सरळ आहे की शाळेतल्या भूमितीनंतर मला असं काही वाचून इतका आनंद झाला नव्हता.

समजा अ, ब आणि क हे तीन मुख्याध्यापक आहेत. अ चं ब शी घट्ट आहे, रोजचा फोन, घरी येणंजाणं, आणि क शीही तितकंच घट्ट. मग ब आणि क एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत असं होईल का? फार अवघड आहे. अ च्या घरच्या कार्यात दोघं भेटणार, अ एकाचा नंबर दुसऱ्याला देणार, नाहीतर दोघांना एका ग्रुपमध्ये टाकणार. म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू घट्ट असल्या की तिसरी बाजू निदान तोंडओळखीची तरी आपोआप तयार होते.

आता पूल म्हणजे काय ते बघू. दोन घोळके आहेत आणि त्यांना जोडणारी एकच ओळख आहे, ती काढली तर एका घोळक्यातली बातमी दुसऱ्यात जायला वाटच उरत नाही, असली ओळख म्हणजे पूल. लोकलच्या नकाशात पश्चिम आणि मध्य रेल्वेसाठी दादर जे काम करतं साधारण ते. समजा अ आणि ब यांची ओळख असा पूल आहे, आणि समजा ती घट्ट आहे. आता अ ची आणखी कोणाशी तरी, म्हणजे क शी, घट्ट ओळख असणारच ना? मग वरच्या नियमाने ब आणि क यांची ओळख झाली. म्हणजे अ कडून ब कडे जायला क मार्गे दुसरी वाट निघाली, म्हणजे अ-ब हा पूल राहिलाच नाही! निष्कर्ष काय, घट्ट ओळख पूल होऊच शकत नाही (दोघांनाही एकमेकांशिवाय जगात दुसरं जवळचं कोणीच नाही हा अपवाद सोडा). जाळ्यात जेवढे पूल असतील ते सगळे तोंडओळखीचेच असणार.

ग्रॅनोव्हेटरने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलंही. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांना ती अशा माणसाकडून कळली होती जो आठवड्यातून दोनदा तरी भेटायचा, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि २७.८ टक्क्यांना वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याकडून. नमुना छोटा होता, ५४ माणसं. म्हणून खात्री व्हायला मोठा प्रयोग हवा होता, तो २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात आला: नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठीच्या लिंक्डइन या साइटवर ५ वर्षांत २ कोटींहून जास्त लोकांना "तुम्ही यांना ओळखत असाल" या सुचवण्या वेगवेगळ्या प्रकारे दाखवून बघितल्या. ग्रॅनोव्हेटर बरोबर निघाला, पण एक दुरुस्ती घेऊन. अगदीच पुसट ओळखीचा नोकरी मिळायला फारसा उपयोग झाला नाही, मध्यम कच्ची ओळख सगळ्यात कामाची ठरली, म्हणजे साधारण दहाएक माणसं दोघांच्याही ओळखीची असलेली.

याची गणिती बाजू १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या संशोधकांनी दाखवली. १००० माणसं गोलात उभी करा, प्रत्येकाला फक्त जवळच्या १० जणांशी जोडा, ५ डावीकडचे ५ उजवीकडचे. एकूण जोडण्या झाल्या ५०००. इथे कुठल्याही माणसाचे दोन ओळखीचे घेतले तर त्यांची आपसात ओळख असण्याची शक्यता दोन तृतीयांश, म्हणजे जाळं भलतंच गच्च, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे निरोप जायला सरासरी ५० पावलं. आता या ५००० पैकी फक्त १ टक्का, म्हणजे ५० जोडण्या उचलायच्या आणि त्यांचं एक टोक लांब कुठेतरी कोणालाही बांधायचं. सरासरी अंतर ५० वरून दहाच्या आसपास येतं, पण जाळ्याचा गच्चपणा जवळपास जसाच्या तसा राहतो, कारण तो (१ वजा सुटलेल्या जोडण्यांचं प्रमाण) याच्या घनाच्या हिशोबाने कमी होतो, ०.९९ चा घन ०.९७, म्हणजे कमी झाला फक्त ३ टक्के. आतल्या माणसाला काही बदललंय हे जाणवतसुद्धा नाही. सगळ्या जोडण्या वाटेल तशा विस्कटल्या तर अंतर ३ च्या आसपास येतं पण घोळकेच नाहीसे होतात, आणि ते का नको ते पुढे सांगतो.

तर मुंबईत या. वहिनींच्या ग्रुपांमधली माणसं बघितली तर बरीचशी तीच ती, सगळे त्रिकोण बंद. अशा जाळ्यात नवीन ग्रुप काढला की नवीन माहिती येत नाही, जुनीच माहिती आणखी एका वाटेने येते. पिरॅमिड चारदा आला तो याच कारणाने.

आणि आपल्या शहराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुंबई महापालिका शाळा चालवते आठ माध्यमांतून, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. अनेक ठिकाणी एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात, मुख्याध्यापक वेगळे, रजिस्टर वेगळं, सकाळ-दुपारच्या पाळ्या, पण जिना एक, गेट एक, पाण्याच्या टाकीची अडचणही एकच. मराठी शाळेच्या मॅडमची घट्ट ओळख असते दुसऱ्या वॉर्डातल्या मराठी शाळेच्या मॅडमशी, कारण ट्रेनिंग एकत्र, ग्रुप एकत्र. वरच्या मजल्यावरच्या उर्दू शाळेच्या सरांशी मात्र जिन्यावरचा नमस्कार. ग्रॅनोव्हेटरच्या हिशोबाने सोनं त्या नमस्कारात आहे! त्या सरांचे ग्रुप वेगळे, त्यांच्या ओळखीचे मुख्याध्यापक वेगळे, वस्ती मात्र तीच आणि पालकांच्या कामाच्या वेळाही त्याच. गैरहजर पोरं परत आणायला त्यांनी काय केलं हे पाळी बदलताना विचारलं, तर जे कळेल ते सगळ्या मराठी ग्रुपांना मिळूनही माहीत नसेल.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, मग घोळके मोडा, सगळ्यांना एक्सवर नाहीतर लिंक्डइनवर आणा, जगभरचे मुख्याध्यापक फॉलो करा. इथे थांबा. बातमी पोहोचणं वेगळं आणि वागणं बदलणं वेगळं.

डेमन सेंटोला या समाजशास्त्रज्ञाने २०१० मध्ये एक सुंदर प्रयोग केला. १५२८ लोकांना इंटरनेटवर "आरोग्य-मित्र" जोडून दिले. काही जाळी गच्च, शेजाऱ्यांचे शेजारी एकमेकांना जोडलेले, आणि काही जाळी वाटेल तशी विस्कटलेली, प्रत्येकाला मित्र मात्र तितकेच. मग एका आरोग्याच्या वेबसाइटवर नाव नोंदवायची सवय पसरते का ते बघितलं. विस्कटलेल्या जाळ्यात अंतर कमी, म्हणजे तिथे जास्त पसरायला हवी होती. झालं उलट, गच्च जाळ्यात सुमारे ५४ टक्के लोकांनी नोंदणी केली, विस्कटलेल्यात ३८ टक्के, आणि गच्च जाळ्यात पसरण्याचा वेगही चौपटीहून जास्त. कारण एका मित्राने केलं म्हणून माणूस हलत नाही, दुसऱ्यानेही केलं की हलतो, आणि दोन मित्रांकडून एकच इशारा तेव्हाच मिळतो जेव्हा जाळ्यात त्रिकोण असतात.

हे शाळेत कसं दिसतं बघा. पोरांना इयत्तेप्रमाणे न बसवता दिवसातला काही वेळ वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवायचं, ही कल्पना मुंबईला नवीन नाही, प्रथम ही संस्था १९९५ साली इथेच सुरू झाली आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना बालसखीने, म्हणजे वस्तीतल्याच एका तरुणीने, वेगळं बसवून शिकवण्याचा त्यांचा कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्यात नीट प्रयोग करून तपासला गेला, मुलं खरंच पुढे गेली, आणि तपासणाऱ्यांमध्ये २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी (जन्म मुंबईचाच) आणि एस्थर डुफ्लो होते. म्हणजे हे बहुतेक मुख्याध्यापकांच्या कानावर गेलेलं असतं. तरी एकट्या शाळेने करायचं म्हटलं तर धाडस होत नाही. वेळापत्रक मोडावं लागतं, चौथीच्या बाईंना तिसरीची पोरं घ्यावी लागतात, पालक विचारतात माझा मुलगा खालच्या गटात का, तपासणीला साहेब आले तर काय दाखवायचं. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी या प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात. शेजारच्या दोन शाळांनी केलेलं डोळ्यांनी दिसलं, त्यांच्या मॅडमने साहेबांना काय सांगितलं ते फोनवर ऐकलं, की तिसरी शाळा करते.

चार ओळखीच्यांकडून आलं की विश्वास बसतो, याचा तोटाही आहे आणि तो मला टोचतो. "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन" नावाने डोळ्यांना पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे क्लास पसरले ते असेच, शाळांमधून, ओळखीच्या बाईंच्या शिफारशीने. मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतं, दुसरं काही नाही. मध्यमेंदूचं काम डोळ्यांच्या हालचाली सांभाळणं, आवाजाचे संदेश पुढे पाठवणं वगैरे असतं, पट्टीपलीकडचं वाचणं नाही. फुगवलेल्या जाहिरातींचंही तसंच, आता प्रत्येक अ‍ॅप एआयने शाळा बदलून देतो म्हणतं. पाठटाचणाचा कच्चा मसुदा मिळेल, धाडस नाही मिळणार. व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनेच सांगितलं. जाळ्याला हात न लावता फक्त पसरण्याचा वेग कमी केला तरी एवढा फरक पडतो.

मग मुख्याध्यापकांनी करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. ५०० जणांचा ग्रुप परिपत्रकांसाठी ठेवा आणि तो शिकण्याचा ग्रुप आहे असं समजू नका. शिकण्यासाठी एकाच वॉर्डातल्या, एकच अडचण असलेल्या पाच-सहा शाळांचा छोटा गट हवा, सगळे एकमेकांना ओळखणारे, फॉरवर्ड बंद, फक्त स्वतःच्या शाळेत काय केलं त्याचा फोटो आणि दोन ओळी. यात माध्यमं मिसळलेली हवीत, निदान एक उर्दू किंवा हिंदी किंवा तमिळ शाळा असलीच पाहिजे. प्रत्येकाने बाहेरची एक तोंडओळख सांभाळायची, ती लिंक्डइनवरची असो नाहीतर पुण्याच्या कार्यशाळेत भेटलेली, आणि महिन्यातून एकदा तिला एक नेमका प्रश्न विचारायचा. शेजारच्या गटाशी जोडताना एकच सामाईक माणूस ठेवू नका, दोन-तीन ठेवा. सेंटोला आणि मायकेल मेसी यांनी २००७ मध्येच दाखवलंय की बातमीला अरुंद पूल पुरतो पण नवीन पद्धत रुंद पुलावरूनच पलीकडे जाते, आणि त्या एका माणसाची बदली झाली की अरुंद पूल संपतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गट केला तर सहामाहीपर्यंत काहीतरी मोजता येईल. मोजायचं तर मेसेज मोजू नका. एका पोराला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं तो काय वाचतो ते सहाही शाळांनी सारख्याच पद्धतीने लिहायचं, आणि सहापैकी किती शाळांनी दुसऱ्याचं बघून स्वतःच्या वेळापत्रकात काही बदललं ते त्याच कागदाच्या पाठीमागे.