वाचनालयाला ग्रंथपाल नेमायचाय? जाहिरात, पात्रता, कागदपत्रं आणि नंतरचं मूल्यमापन

आमच्या नाशिकच्या छोट्या वाचनालयाचे ग्रंथपाल काका रिटायर झाले तेव्हा मंडळातल्या सगळ्यांना वाटलं आठ दिवसांत माणूस मिळेल, पण गाडी लांबली बरेच महिने, कारण आमचेच कागद धड नव्हते. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, शासनमान्य सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या मंडळांसाठी आणि अर्ज करणाऱ्यांसाठी पण.

आधी एक बेसिक गोष्ट. आपली वाचनालयं 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेतात आणि अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो, त्यावर अनुदान ठरतं. पण ग्रंथपाल शासनाचा नोकर नसतो, त्याला संस्था नेमते, म्हणजे कार्यकारी मंडळ. नाशिकच्या टिळक पथावरचं 1840 पासूनचं सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) असो की कॉलनीतलं एका खोलीचं वाचनालय, नेमणारं मंडळच. त्यामुळे भानगड झाली की उत्तर पण मंडळालाच द्यावं लागतं.

सुरुवात ठरावाने करा. मंडळाच्या सभेत पद, पगार, कामाची वेळ आणि निवड समितीची नावं प्रोसिडिंगमध्ये आली पाहिजेत. इथेच आमचा पहिला घोळ झाला. मंडळ बदलून दोन वर्षं झालेली पण धर्मादाय कार्यालयात नवं मंडळ कळवणारा बदल अर्ज दिलेलाच नव्हता (तो 90 दिवसांत द्यायचा असतो), म्हणजे शेड्यूल वनवर (तिथल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा) जुन्याच लोकांची नावं, त्यातले एकजण तर वारलेले. मग नियुक्तीपत्रावर सही कोणाची चालणार? आधी ते निस्तरलं, मग जाहिरात.

पात्रता वाचनालयाच्या वर्गाप्रमाणे बदलते. लहान वाचनालयात दहावी-बारावी आणि ग्रंथालय प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असलेली मंडळी येतात, मोठ्या ठिकाणी पदवी आणि वर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) लागतं. बी.लिब. नोकरी सांभाळून करायचं असेल तर मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. जाहिरातीतलं पात्रतेचं वाक्य जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात दाखवून मगच छापा, कारण वार्षिक तपासणीला तेच वाक्य आणि उमेदवाराचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून बघतात.

उमेदवाराने अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, ग्रंथालय कोर्सचं प्रमाणपत्र, असेल तर अनुभवाचा दाखला, आधार आणि फोटो द्यायचा. झेरॉक्स सेल्फ अटेस्टेड आणि मुलाखतीला ओरिजिनल. अनुभवाच्या दाखल्यावर संस्थेचा नोंदणी नंबर आणि तारखा हव्यात, नुसतं "चांगलं काम केलं" असल्या पत्राचा उपयोग नाही.

मुलाखत मात्र नुसत्या गप्पांची घेऊ नका. आम्ही प्रत्येकाला देणगीत आलेली दहा पुस्तकं, एक कोरी दाखल नोंदवही (नव्या आलेल्या पुस्तकांची नोंद करायचं रजिस्टर) आणि पेन दिलं, म्हटलं नोंदवा. बहुतेकांनी भराभर नावं लिहिली. एक ताई मात्र आधी फडकं मागून बसल्या, पुस्तकं पुसली, पानं चाळली आणि म्हणाल्या, ह्यातल्या एकाची मधली सोळा पानंच नाहीत, हे दाखल करू की बाजूला ठेवू? ते पुस्तक आम्ही मुद्दाम ठेवलेलं नव्हतं, आम्हालाच माहीत नव्हतं! निवड तिथेच झाली. तरी गुणपत्रक भरून तिघांच्या सह्या घेतल्या, कारण मंडळातल्या एकाचा भाचा पण रांगेत होता, आणि नात्यातला उमेदवार असला की त्या सभासदाने समितीतून उठावं हे आम्ही आधीच ठरावात घातलं होतं. हे नक्की करा.

मग नियुक्तीपत्र (प्रोबेशन किती ते त्यात लिहा), रुजू अहवाल, सेवापुस्तक, बँक खात्यात पगार, आणि जिल्हा कार्यालयाला नेमणुकीची कागदं.

खरी अडचण पुढे असते. मंडळाने धोरण, बजेट, वर्गणी, वेळ ठरवायची, आणि कपाट कुठे, दिवाळी अंक कोणाला कोणत्या क्रमाने हे ग्रंथपालावर सोडायचं. आमच्याकडे रात्री दहाला फोन करून "माझ्यासाठी दोन अंक बाजूला काढा" सांगणारे पदाधिकारी होते, आता सूचना फक्त कार्यवाहांमार्फत जाते.

मूल्यमापन वर्षातून एकदा, मार्चनंतर. ग्रंथपालाने आधी स्वतःची एक पानाची नोंद द्यायची: किती पुस्तकं दाखल केली, किती बाइंडिंगला गेली, थकलेली वर्गणी किती वसूल झाली, पुस्तकांची पडताळणी झाली का, नवे सभासद किती. मग कार्यवाह आणि दोन सदस्य समोर बसून बोलतात, शेरा लिहितात आणि ग्रंथपालाची सही घेतात, पटलं नसेल तर त्याचं म्हणणं खाली. कानावर आलेली तक्रार शेऱ्यात घालायची नाही. आमच्या ताईंबद्दल "उद्धट आहेत" असं लेखी आलं होतं, रजिस्टर उघडून बघितलं तर तक्रारदाराकडे पाच महिन्यांपासून दोन पुस्तकं अडकलेली आणि ताईंनी फक्त दंड मागितलेला.

काम खरंच जमत नसेल तर आधी लेखी समज, खुलाशाला मुदत, मंडळासमोर म्हणणं ऐकणं, मग ठराव, आणि प्रत्येक कागदाची पोच फाइलला लावा. तोंडी "उद्यापासून येऊ नका" सांगून मोकळं झालेल्या एका मंडळाला पुढे वकिलाची फी भरावी लागली, ती पण सभासदांच्या वर्गणीतून.