एलएमध्ये गांजा 'मेझर एम'ने लीगल झाला? नाही हो!

अजूनही लोक ठोकून देतात की लॉस एंजेलिसने (एलए) मार्च २०१७ ला 'मेझर एम' या शहराच्या ठरावावर मत टाकून गांजा लीगल केला. तसं नाहीये. लीगल झाला तो नोव्हेंबर २०१६ ला, प्रॉपोझिशन ६४ या राज्यभर मतदान झालेल्या कायद्याने, अख्ख्या कॅलिफोर्नियात, २१ वर्षं आणि त्यावरच्यांना २८.५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवता येतो आणि घरी सहा रोपं. पण दुकान चालू द्यायचं की नाही हे त्याच कायद्याने गावागावावर सोडलं, म्हणून आजही कितीतरी शहरांत दुकानबंदीच आहे.

मेझर एमचा प्रश्नच वेगळा होता. २०१३ च्या प्रॉप डी या एलएच्याच आधीच्या ठरावाने मेडिकल गांजाच्या जुन्या दुकानांना लायसन्स दिलंच नव्हतं, नुसती कारवाईतून सूट, म्हणजे धड कायदेशीर नाही धड बेकायदा (आपल्याकडच्या फेरीवाल्यांसारखं म्हणा). एमने ते मोडून नियम करायचे अधिकार सिटी कौन्सिलला दिले आणि टॅक्स बसवला, शौकवाल्या विक्रीवर १०० डॉलरला १०, मेडिकलवर ५.

आणि हो, फेडरल म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या (व्हिसा तेच देतं) कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे, त्यामुळे व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांनी "इथे चालतं रे" म्हणून दुकानात शिरू नये.