पिस्तुलाची कार्बाईन होते तेव्हा नेमके काय बदलते?

पिस्तूल एका प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवायचे, मागचा दस्ता उघडून खांद्याला टेकवायचा आणि क्षणात त्याची छोटी रायफल, म्हणजे कार्बाईन, झालेली पाहायची, अशा चित्रफिती आता आपल्याकडच्या मोबाईलवरही फिरू लागल्या आहेत. त्यांखालची मराठी वाक्ये वाचली तर एक समजूत पुन्हा पुन्हा आढळते: या सांगाड्यामुळे पिस्तुलाची ताकद वाढते, गोळी दुप्पट लांब जाते आणि जोरात लागते. ही समजूत मुळातच चुकीची आहे. अशा जोडसंचाने पिस्तुलात खरोखर मोठा फरक पडतो, परंतु तो गोळीच्या जोरात फारसा दिसत नाही; तो दिसतो नळीचे तोंड किती कोनातून हलते यात. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी शेतकरी कुटुंबे आहेत आणि शस्त्रांविषयीचे बोलणे तेथे परके नाही. म्हणून हे भौतिकशास्त्र नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

हे जोडसंच ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात पिस्तूल आहे तसे सांगाड्यात बसते, त्याची नळी तीच राहते आणि केवळ दस्ता, पुढची मूठ व नेमदुर्बीण बसवण्याची पट्टी यांची भर पडते. दुसऱ्या प्रकारात पिस्तुलाचा वरचा भाग नळीसह काढून त्या जागी लांब नळीचा वेगळा भाग येतो. कल्पना नवीन नाही. १८९६ च्या माउझर पिस्तुलाचे लाकडी म्यानच मुठीच्या मागे अडकवून दस्ता म्हणून वापरता येत असे, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्याला दिलेल्या लुगर पिस्तुलाची नळी २०० मिलिमीटर लांब होती व सोबत लाकडी फळीचा दस्ता येत असे. त्या लुगरची नेमपट्टी ८०० मीटरपर्यंत आखलेली होती. पिस्तुलाच्या गोळीने ८०० मीटरवरील माणसाचा नेम धरता येईल असे सुचवणारी ती आखणी पाहिली म्हणजे या क्षेत्रातील अतिशयोक्ती किती जुनी आहे हे कळते.

दस्त्याने नेमका काय फरक पडतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ऑलिंपिकच्या नेमबाजीत आहे. १० मीटर एअर पिस्तूल आणि १० मीटर एअर रायफल या दोन्ही प्रकारांत अंतर तेच आणि छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचाच असतो, आणि छऱ्याच्या वेगातही फार मोठी तफावत नसते. तरीही पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, तर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटरचा आहे. ५० मीटर अंतरावरही असेच दिसते; तेथील पिस्तुलाचा प्रकार ऑलिंपिकमध्ये २०१६ पर्यंत होता. दोन्ही शस्त्रांत .२२ चे तेच काडतूस वापरले जाते, पण दहाचे वर्तुळ पिस्तुलासाठी ५० मिलिमीटर आणि रायफलसाठी १०.४ मिलिमीटर आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने पहिले कांस्य मिळवले ते ११.५ मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे याने मिळवले ते १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळावर, पण पाचपट अंतरावरून. यावरून कोणाचे कौशल्य अधिक असा निष्कर्ष काढणे अयोग्य होईल. पिस्तूल एका हाताने, शरीरापासून दूर धरून चालवायचे असते आणि रायफलला खांदा, गाल व दोन्ही हात यांचा आधार असतो, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले आणि वर्तुळे त्या प्रमाणात आखली, एवढेच त्यातून दिसते.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. नेम धरताना होणाऱ्या जवळजवळ सर्व चुका कोनाच्या असतात, आणि कोनाची चूक अंतराबरोबर वाढत जाते. पिस्तुलावर नेम जुळवण्याची मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे माशी, यांच्यात साधारण १५ सेंटीमीटर अंतर असते. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली तर कोनाची चूक एक भागिले दीडशे होते, म्हणजे २५ मीटरवर गोळी सुमारे १६७ मिलिमीटर बाजूला लागते. हेच अंतर ४० सेंटीमीटर केले, तर त्याच एका मिलिमीटरची चूक २५ मीटरवर साधारण ६२ मिलिमीटर होते. डोळा तोच, हात तोच, चूकही तेवढीच. फक्त भाजक बदलला. आजच्या सांगाड्यांवर बहुधा लाल ठिपक्याची नेमदुर्बीण असते आणि तिच्यामुळे खाच-माशीचा प्रश्नच मिटतो, तरीही उरलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

ती गोष्ट म्हणजे थरथर. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अगदी सूक्ष्म कंप पावत असतो आणि तो इच्छेने थांबवता येत नाही. या कंपामुळे शस्त्राला लहानसे परिबल, म्हणजे फिरवणारा जोर, मिळते व ते फिरते. किती फिरते हे शस्त्राच्या जडत्व आघूर्णावर, म्हणजे फिरण्याला ते किती विरोध करते यावर, ठरते, आणि जडत्व आघूर्ण वस्तुमानाच्या सम प्रमाणात पण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोरावर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात लांब आडवी काठी धरते ती याच कारणाने. वजन मध्यापासून दूर गेले की वस्तू फिरायला आळस करते. पिस्तूल ०.८ किलोग्रॅमचे व १८ सेंटीमीटर लांब आणि सांगाड्यासह तयार झालेली कार्बाईन २.२ किलोग्रॅमची व ६५ सेंटीमीटर लांब धरली, आणि दोन्ही सरळ, एकसारख्या दांड्या मानल्या, तर वस्तुमानाचे गुणोत्तर पावणेतीन आणि लांबीच्या वर्गाचे तेरा येते. दोन्हींचा गुणाकार जवळजवळ ३६ आहे. म्हणजे तेवढ्याच परिबलाने तेवढ्याच वेळात कार्बाईन पिस्तुलाच्या छत्तिसाव्या हिश्श्याइतकीच फिरेल. प्रत्यक्षात हात आणि मनगट हेही फिरणाऱ्या व्यवस्थेचाच भाग असल्याने लाभ इतका मोठा राहत नाही, पण त्याची दिशा हीच असते.

यात आधारबिंदूंची भर पडते. पिस्तुलाची पकड सारी मुठीच्या दहाएक सेंटीमीटरमध्ये असते; मनगट एका अंशाने वळले तरी २५ मीटरवर गोळी सुमारे ४४ सेंटीमीटर सरकते. कार्बाईनचे मागचे टोक खांद्याला टेकलेले आणि पुढचा हात त्यापासून ४० सेंटीमीटर पुढे असला, तर तो हात १ मिलिमीटर हलल्याने होणारा कोन चारशेंतला एक भाग एवढाच असतो. मनगटाचे वळणे येथे हाताच्या सरकण्यात रूपांतरित होते, आणि सरकण्याला लांबीने भागले जाते. माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

धक्क्याचेही असेच आहे. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली, तर तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, २.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद असतो, आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने शस्त्रालाही उलट दिशेने तेवढाच मिळतो. बाहेर पडणाऱ्या वायूंचा वाटा बाजूला ठेवला, तर ०.८ किलोग्रॅमच्या पिस्तुलाला त्यातून सुमारे ४.९ ज्यूल ऊर्जा मिळते आणि २.२ किलोग्रॅमच्या कार्बाईनला १.८ ज्यूल. शिवाय पिस्तुलाची नळी मुठीच्या वर असल्याने धक्का त्याला वर उचलतो, तर खांद्याचा दस्ता जवळजवळ नळीच्या रेषेत असल्याने धक्का सरळ मागे जातो. दुसरा नेम लवकर धरता येतो तो यामुळे.

मग ताकदीचे काय? नळी बदललेली नसेल तर गोळीचा वेग तसूभरही वाढत नाही. नळी लांब केली असेल तर काहीसा वाढतो. दारू जळून झालेला वायू गोळीला ढकलतो, आणि गोळीला मिळणारी ऊर्जा म्हणजे दाब व अंतर यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ. पिस्तुलाची दारू लवकर जळणारी असते. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा २३५० बार (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) आहे, आणि तो शिखरदाब गोळीने नळीत अगदी थोडे अंतर कापले असतानाच येऊन जातो. पुढे वायूचे आकारमान वाढते, दाब झपाट्याने उतरतो आणि नळीचे घर्षण मात्र चालूच राहते. त्यामुळे १० सेंटीमीटरची नळी ४० सेंटीमीटरची केली तरी वेग साधारण १० ते २० टक्केच वाढतो. १५ टक्के धरले तर वर सांगितलेल्या गोळीची ऊर्जा ४९० ज्यूलवरून सुमारे ६५० ज्यूल होते. लष्करी ५.५६ मिलिमीटर रायफलची ४ ग्रॅमची गोळी त्याच वेळी १६०० ज्यूलच्या पुढे असते. काडतूस पिस्तुलाचेच राहिले तर दस्त्याने त्याची रायफल होत नाही.

येथे आणखी एका समजुतीचा उल्लेख करतो. मंत्र टाकून बंदूक 'बांधता' येते, मग ती उडत नाही किंवा तिचा नेम लागत नाही, असे ग्रामीण भागात अजूनही बोलले जाते. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू हवेतील ओलावा शोषून घेते आणि गोव्याच्या पावसाळ्यात तो ओलावा मुबलक असतो; बार न उडण्यामागे मांत्रिक शोधण्याची काहीच गरज नाही. नेम चुकण्याची कारणे वर दिलेल्या कोनांच्या हिशेबात आहेत.

खांद्याचा आधार हीदेखील सर्वत्र आपोआप सुचलेली गोष्ट नाही. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांच्या शस्त्रागारात स्थानिक कारागीर तोडेदार, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवणाऱ्या, बंदुका घडवत असत. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक पोहोचली, आणि तिच्या चापाच्या यंत्रणेचे नाते अनेक अभ्यासक गोवा-मलाक्का परंपरेशी जोडतात. त्या नमुन्यावरून जपान्यांनी ज्या बंदुका केल्या, त्यांचा दस्ता आखूड असे आणि तो खांद्याला न लावता गालाशी धरला जाई. गालाचा आधार नेम धरायला पुरतो, पण धक्का हातांनीच सोसावा लागतो. आधार आणि धक्का हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्या रचनेत स्पष्ट दिसते.

कायद्यांनीही या फरकाची दखल घेतली आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने आखूड नळीच्या रायफलींवर कडक नोंदणी व कर लादला, कारण लपवता येण्याजोग्या लांबीची रायफल धोक्याची मानली गेली. आज तेथे रायफलच्या नळीची किमान मर्यादा १६ इंच आहे. पिस्तुलाबरोबर लांब नळी व दस्ता असा जोडसंच विकला तर त्या सुट्या भागांनाच आखूड रायफल मानावे काय, हा प्रश्न १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल उत्पादक थॉम्पसन/सेंटर कंपनीच्या बाजूने लागला. त्या संचातून कायदेशीर लांबीची कार्बाईनही जुळवता येत होती. भारतात वाट अधिक अरुंद आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने एका प्रकारच्या बंदुकीचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्यासाठीही वेगळा परवाना आवश्यक ठरवला. आपल्या परवान्याच्या .३२ पिस्तुलाला असा सांगाडा जोडण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने चित्रफितीआधी ते कलम वाचावे.